ठिपका दिसला पाहिजे

सातारच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणींचं पुस्तक मी मांडून, तपासून छपाईला दिलं. प्रती हातात पडल्यावर चार दिवसांनी बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "पुस्तक देखणं झालंय गं," त्या म्हणाल्या, "पण जरा एकशे बारावं पान उघडतेस का?" मी उघडलं. "तिसऱ्या ओळीतला 'विद्यार्थ्यांनी' बघ." बघितला. रफार होता, त्याला खेटून असायला हवा तो अनुस्वार नव्हता. खाली 'सर्वाना', पुढच्या पानावर 'वर्षानी'. आणि ज्यांना सगळा गाव आचार्य म्हणायचा, ज्यांच्या हाताखाली बाई शिकवायला शिकल्या, त्यांच्याबद्दलचं वाक्य 'आचार्यानी मला बोलावून घेतलं' असं छापलं गेलं होतं.

मराठीत मोठ्या माणसाचा मान त्या ठिपक्यात असतो. बाई रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. पुस्तकात अशा चौतीस जागा निघाल्या. पाचशे प्रतींपैकी दीडशेच्या वर वाटून झाल्या होत्या. उरलेल्या प्रतींत मी स्वतः बसून शुद्धिपत्र चिकटवलं.

चूक मुळात कुठून आली ते सांगते. हस्तलिखित दुसरीकडे जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेलं होतं. त्या फॉन्टांत रफार आणि अनुस्वार एकत्र आले की त्यांच्यासाठी एक वेगळं जोडचिन्ह असतं. मजकूर युनिकोडमध्ये नेताना रूपांतराच्या कोष्टकात ते चिन्ह नीट बसवलेलं नसेल, तर नुसता रफार उरतो. अक्षरजुळणी करणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. मलाही होतं, आणि असा मजकूर आला की त्या जागा मी डोळ्यांत तेल घालून बघते. याही वेळी बघितल्या होत्या. माझ्या डोळ्यांना तिथे ठिपका असल्यासारखाच वाटला होता.

याचं कारण शोधायला मला दोन महिने लागले. ते माझ्या टेबलावरच उभं होतं: ४३ इंचांचा, फोर-के, नवाकोरा मॉनिटर.

२०२२ साली मी तो घेतला. त्याआधी आठ वर्षं २४ इंची फुल एचडी पडद्यावर काम केलं होतं. वय सत्तेचाळीस, चाळिशी लागून बरीच वर्षं झालेली, संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. वाटलं, पडदा मोठा घेतला की अक्षर मोठं आणि स्वच्छ दिसेल. दुकानातल्या मुलानं सांगितलं, "ताई, तुमच्या आताच्या स्क्रीनच्या चौपट रिझोल्यूशन आहे." ते खरंच होतं. फुल एचडीमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख ठिपके. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. तेव्हा ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यांवरही १८ टक्केच झाला आहे, पण मी जास्तीचे दहा टक्के मोजून आले, आणि आनंदानं मोजले.

जो हिशेब मी दुकानात करायला हवा होता तो नंतर वहीत केला. ठिपके चौपट झाले हे खरं, पण ते पसरले किती मोठ्या जागेवर? २४ च्या जागी ४३ इंच म्हणजे पडद्याचं क्षेत्रफळही तिपटीहून जास्त झालं. डोळ्याला लागतं ते एका इंचात किती ठिपके आहेत हे. माझ्या जुन्या पडद्यावर एका इंचात ९२ ठिपके होते. नव्यावर १०२. एवढ्या पैशांत मी इंचामागे दहा ठिपके विकत घेतले होते.

हा हिशेब अगदी सोपा आहे. पडद्याच्या कर्णावर किती ठिपके बसतात ते एकदा लिहून ठेवा आणि त्याला इंचांनी भागा. फुल एचडीसाठी तो आकडा २२०३, दुकानात ज्याला टू-के किंवा क्यूएचडी म्हणतात त्या २५६० गुणिले १४४० साठी २९३७, आणि फोर-केसाठी ४४०६. आता भागाकार करा. २७ इंची फुल एचडी: ८२, म्हणजे मराठी वाचायला वाईटच. २७ इंची क्यूएचडी: १०९. २७ इंची फोर-के: १६३. ३२ इंची फोर-के: १३८. आणि ३२ इंची क्यूएचडी किती? ९२. म्हणजे माझ्या आठ वर्षं जुन्या २४ इंची पडद्याइतकेच. ३२ इंची क्यूएचडी घेऊन 'पडदा मोठा झाला पण अक्षर तसंच दिसतंय' म्हणणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात.

मग किती ठिपके पुरेत? हे तुम्ही पडद्यापासून किती लांब बसता त्यावर ठरतं. डोळ्यांचे डॉक्टर भिंतीवरचा जो अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, तो हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये तयार केला. त्यातली ६/६ ची ओळ वाचणारा डोळा साधारण एक कला एवढ्या कोनातला फरक ओळखतो. पंचांग बघणाऱ्या घरात वाढलेल्यांना कला ठाऊक असते: अंशाचा साठावा भाग. ६५ सेंटिमीटरवर बसलं तर एक कला म्हणजे ०.१९ मिलिमीटर. ३२ इंची फोर-के पडद्याचा एक ठिपका ०.१८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्या अंतरावरून ठिपके वेगळे दिसत नाहीत, अक्षर सलग दिसतं. माझ्या ४३ इंचीचा ठिपका पाव मिलिमीटरचा होता. त्याचे दाणे दिसेनासे व्हायला मला ८५ सेंटिमीटर मागे सरकायला हवं होतं, आणि तेवढं मागे गेल्यावर अकरा पॉइंटचा मजकूर मला वाचता आला नसता.

रोमन लिपीत हे थोडं खपून जातं. तिथे अक्षराच्या डोक्यावर फारसं काही नसतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेगळं गाव वसलेलं आहे: वेलांटी, मात्रा, काना-मात्रा, रफार, चंद्र, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पायमोडी जोडाक्षरं. त्यात बोलीच्या वळणानं लिहायचं म्हटलं की 'पान' आणि 'पानं', 'पुस्तक' आणि 'पुस्तकं' यांत एका ठिपक्याचा फरक. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य' यांची ओळख एका गाठीवर किंवा एका फटीवर. 'दुसऱ्या'तला तो चंद्रकोरीसारखा र. विंडोजमधला मंगल फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला तेव्हा इंचामागे शंभराहून कमी ठिपक्यांचेच पडदे घरोघरी होते. तेवढ्या तुटपुंज्या ठिपक्यांत ही सगळी लिपी वाचता यावी यासाठी अक्षरं घडवणाऱ्यांनी केवढे कष्ट घेतले असतील, याचा विचार मी या प्रकरणानंतर पहिल्यांदा केला.

आता माझी मुख्य चूक. ४३ इंची पडदा ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच असतो. तो टेबलावर आल्यावर मला एक मोह झाला. डेमी आकाराच्या पुस्तकाची सोळा पानं, म्हणजे छपाईचा अख्खा फॉर्म, वर आठ आणि खाली आठ अशी एका वेळी मावत होती. जरा लहान करून, कागदावरच्या आकाराच्या ऐंशी टक्के. पानं उलटायला नकोत. कुठलं शीर्षक कुठे आलंय, कुठली ओळ एकटी पडलीय, सगळं एका नजरेत. मांडणीसाठी ते फार छान होतं. हळूहळू मी तिथेच मजकूरही वाचायला लागले.

ऐंशी टक्क्यांवर अकरा पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला उंचीत बारा-तेरा ठिपके येतात. वेलांटीपासून उकारापर्यंत सगळं तेवढ्यात. अनुस्वाराच्या वाट्याला त्यातला जेमतेम एक. आणि रफाराशेजारचा तो एक ठिपका अक्षराच्या कडा गुळगुळीत करणाऱ्या करड्या छटेत विरघळून जातो. 'र्थ्या' आणि 'र्थ्यां' दोन्हींच्या डोक्यावर सारखाच करडा डाग. मग मेंदू आपल्या सवयीनं बरोबर तेच वाचतो. चांगल्या मुद्रितशोधकाला तर हा धोका जास्त, कारण शुद्ध रूप त्याच्या डोक्यात आधीच पक्कं असतं.

हीच पानं नंतर मी ३२ इंची फोर-केवर, खऱ्या आकारात उघडून बघितली. अक्षराला एकवीस ठिपके, अनुस्वाराला दोन-तीन. चौतीसपैकी एकतीस जागा सरळ दिसल्या. उरलेल्या तीन माझ्या नजरेच्या.

पडद्याच्या रुंदीनंही घात केला. मध्यभाग माझ्यापासून ६० सेंटिमीटरवर असला तर त्या सपाट पडद्याच्या कडा ७६ सेंटिमीटरवर जात होत्या. कडेची पानं लांब, शिवाय तिरपी. माझा पडदा व्हीए जातीचा होता. या जातीचा काळा रंग खोल असतो, पण तिरपं बघितलं की करड्या छटा फिकटतात. म्हणजे जिथे अक्षर आधीच बारीक, तिथेच ते फिकटही. एकशे बारावं पान फॉर्मच्या कोपऱ्यात आलं होतं.

आणि मान. चाळिशीनंतर ज्यांनी प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा घेतलाय त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. त्या चष्म्यात जवळचं वाचायचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात असतो, कारण पुस्तक आपण खाली धरतो. पडदा समोर असतो, आणि ४३ इंचीचा वरचा काठ तर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा वीतभर वर जातो. तिथली ओळ वाचायला मी दिवसभर हनुवटी वर करून, मान मागे टाकून, भिंगाच्या खालच्या पट्टीतून बघत होते. तीन महिन्यांत उजव्या खांद्यापासून हातापर्यंत मुंग्या यायला लागल्या. फिजिओथेरपिस्टनी पहिला प्रश्न विचारला तो पडद्याच्या उंचीचा. मला वाटलं होतं, उशीबद्दल विचारतील.

त्यांनी सांगितलेलं मापांसह सांगते. तुम्ही नेहमी बसता तसे बसा, पाठ टेकवून. पडद्याचा वरचा काठ डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडा खाली यावा. चष्मा बहुभिंगी असेल तर आणखी खाली. आणि शक्य असेल तर कॉम्प्युटरच्या अंतरासाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करा. नेत्रतपासणीला जाताना डोळा ते पडदा हे अंतर टेपनं मोजून, कागदावर लिहून घेऊन जा. वाचनाचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरसाठी काढतात. पडदा ६५ वर असतो. तो आकडा सांगितला नाही तर डॉक्टरांना तो कळणार कसा? माझा तो चष्मा आता टेबलाच्या खणातच असतो. या सगळ्या प्रकरणात मी केलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी खर्च तो.

मधे दोन गोष्टी झाल्या, त्या थोडक्यात. पहिल्या आठवड्यात माउसचा बाण जड झाल्यासारखा, मागून ओढल्यासारखा सरकायचा. मी माउस बदलला. दोष लॅपटॉपच्या जोडणीचा होता. एचडीएमआय १.४ या जुन्या प्रकारातून फोर-के चित्र सेकंदाला तीस वेळाच जातं. साठ वेळा जायला २.० किंवा त्यापुढचं एचडीएमआय, नाहीतर डिस्प्लेपोर्ट लागतं. केबल, लॅपटॉपचं भोक आणि मॉनिटरचं भोक या तिन्हींत जे सर्वांत जुनं, त्याचंच चालतं. काही यंत्रं साठचा आकडा गाठायला रंगाची माहिती कापून पाठवतात. मग पांढऱ्यावरचं लाल किंवा निळं अक्षर कडेला फाटल्यासारखं दिसतं. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. माझं मत विचाराल तर ज्याला दिवसभर मजकूर वाचायचाय त्यानं स्वस्त मिळतो म्हणून टीव्ही टेबलावर ठेवू नये. लॅपटॉपला चित्र पाठवू शकणारं यूएसबी-सी असेल आणि मॉनिटर त्याच वायरीतून चार्जिंगही देत असेल तर मात्र जरूर घ्या. टेबलावरचा वायरींचा गुंता निम्मा होतो.

दुसरी गोष्ट मृत पिक्सेलची. एका कवितासंग्रहात मला एका ओळीवर भलताच अनुस्वार दिसला. फाइलमध्ये शोधला, सापडेना. पान वर सरकवलं तर ठिपका जागेवरच राहिला आणि दुसऱ्या ओळीच्या डोक्यावर जाऊन बसला. पडद्यावरचा एक ठिपका कायमचा काळा झाला होता. कंपनीनं सांगितलं, एकदोन मृत पिक्सेल हमीत बसत नाहीत, त्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त झाले तरच पडदा बदलून मिळतो. हा नियम जवळजवळ सगळ्याच कंपन्यांचा असतो, आकडा वेगळा असतो. तो आकडा पैसे देण्याआधी विचारून घ्या. इतर कामांत असा एक ठिपका कोणाच्या लक्षातही येणार नाही. पांढऱ्या पानावर मराठी वाचणाऱ्याला तो रोज छळतो. म्हणून पडदा घरी आला की त्याच दिवशी पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, लाल, हिरवं आणि निळं असं एकेक पान पडदाभर उघडून, खोली अंधारी करून कोपरान् कोपरा बघा. बदलून घ्यायची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल माळ्यावर ठेवा. मी खोकं दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला दिलं होतं.

दुसरा मॉनिटर घेताना मी दुकानात जायच्या आधी महिनाभर घरीच तयारी केली. पहिलं काम टेबलाचं. आपल्याकडची तयार कॉम्प्युटर टेबलं बहुतेक ६० सेंटिमीटर खोल असतात. त्यातले वीस-पंचवीस सेंटिमीटर मॉनिटरचा पाय खातो. म्हणजे पडदा येतो टेबलाच्या काठापासून पस्तीस-चाळीसवर, आणि आपण पुढे झुकून बसलो की नाकासमोर. मी सुताराकडून फळी बदलून ७५ सेंटिमीटरची करून घेतली. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी टेबलाच्या मागच्या कडेला पकडणारा हात बसवावा. मॉनिटरच्या पाठीला शंभर मिलिमीटरवर चार स्क्रूंची भोकं आहेत ना, आणि हात तेवढं वजन पेलतो ना, हे बघून. फळी प्लायची असेल तर ठीक. भुशाच्या बोर्डाची असेल तर खाली लोखंडी पट्टी द्यावी, नाहीतर ती चेपते.

मग मी रद्दीतला पुठ्ठा कापला. ३२ इंचीसाठी ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच. २७ इंचीसाठी ६० आणि ३४. एकेक पुठ्ठा पुस्तकांना टेकवून टेबलावर उभा केला आणि दोन दोन दिवस तसाच ठेवून शेजारी काम केलं. डोकं न हलवता दोन्ही कडा दिसतात का? वरच्या काठाकडे बघताना हनुवटी उचलावी लागते का? खिडकीचा उजेड पाठीमागून येऊन त्यावर पडेल का? ४३ चा पुठ्ठा जर २०२२ साली टेबलावर उभा केला असता तर अर्ध्या तासात उत्तर मिळालं असतं. हे काम फुकट आहे आणि घरातल्या कोणालाही करता येतं.

दुकानांतल्या पडद्यांवर दिवसभर झरे, पोपट आणि शहरांचे दिवे चालू असतात. चमक सर्वांत वरती लावलेली असते. त्यावरून मजकुराबद्दल काहीच कळत नाही. मी घरून पेनड्राइव्हमध्ये एक पान करून नेलं. पांढऱ्यावर काळं, नऊ ते चौदा पॉइंटपर्यंत, शब्दांच्या जोड्या: विद्यार्थ्यांनी आणि विद्यार्थ्यानी, वर्षांत आणि वर्षात, पुस्तक आणि पुस्तकं, भार आणि मार, घन आणि धन. त्याखाली शुद्ध, उद्ध्वस्त, ब्रह्म, तऱ्हा, दृष्टी, कृतज्ञ. दुकानातल्या मुलाला म्हटलं, बाळा, पोपट बंद कर आणि हे लाव. तीन दुकानांपैकी एकाच ठिकाणचा मुलगा बिचारा लगेच तयार झाला. बाकी दोन ठिकाणी थोडं बसून राहावं लागलं. टेप लावून ६५ सेंटिमीटरवर खुर्ची ठेवली, आपला चष्मा घातला, आणि दहा मिनिटं वाचलं. कुठल्या जोडीत फरक दिसेनासा होतो ते आकारानुसार टिपलं. दहा मिनिटं खूप वाटतात, पण ज्या वस्तूकडे रोज आठ तास बघायचंय तिच्यासाठी ती फार नाहीत.

तिथेच दोन पडदे बाद झाले. एकाच्या चमक कमी करणाऱ्या लेपामुळे पांढऱ्या पानावर बारीक वाळू सांडल्यासारखी दिसत होती. दुसरा वक्र होता. त्यावर समासाची सरळ रेघ मला वाकडी वाटायची, आणि मांडणीच्या कामात सरळ रेघेवरचा विश्वास गेला तर राहिलं काय? मी ३२ इंची, फोर-के, आयपीएस जातीचा सपाट पडदा घेतला. याचा काळा रंग व्हीएइतका गडद नसतो, अंधारात कोपरे थोडे उजळ दिसतात, पण बाजूनं बघितलं तरी अक्षर फिकं होत नाही. डेमीची दोन समोरासमोरची पानं दीडपट मोठी करून मावतात. तेवढंच मी एका वेळी वाचते.

२७ इंची फोर-के याहून रेखीव दिसतो, हे मान्य. तरुण डोळ्यांच्या, लहान टेबलाच्या माणसाला मी तोच सुचवीन. मला त्याच अंतरावरून अक्षर जरा मोठं हवं होतं. मॅक वापरणाऱ्यांनी थोडी जास्त काळजी घ्यावी: २०१८ पासून मॅकनं अक्षरांच्या कडा सावरण्याची जुनी पद्धत सोडली, त्यामुळे शंभर-एकशेदहा ठिपक्यांच्या पडद्यावर तिथलं अक्षर विंडोजपेक्षा पोकळ दिसतं. तिथे ५१२० गुणिले २८८० चा २७ इंची पडदा, इंचाला २१८ ठिपके, हाच खरा जोड आहे. परवडत नसेल तर २७ इंची फोर-के.

घरी आणल्यावर एक चूक मी दुसऱ्यांची बघून टाळली. एका प्रकाशकांच्या कचेरीत नवा फोर-के पडदा लावायला आलेल्या माणसानं 'अक्षरं बारीक दिसतायत' म्हणून रिझोल्यूशनच १९२० गुणिले १०८० करून ठेवलं होतं. वर्षभर ते तसंच चाललं. ८३ लाख ठिपक्यांचे पैसे भरून ते एकवीस लाखांचं धूसर चित्र बघत होते. रिझोल्यूशनला हात लावू नका, ते पूर्णच ठेवा. अक्षर मोठं करायचं ते स्केलिंगनं: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १२५ किंवा १५० टक्के. १५० टक्क्यांवर पडद्यावर सामान मावतं क्यूएचडीएवढं, पण प्रत्येक अक्षर जास्त ठिपक्यांनी रेखलं जातं. जुनी पानमांडणीची सॉफ्टवेअर स्केलिंगला दाद देत नाहीत. कुठे बटणं मुंगीएवढी होतात, कुठे सगळी खिडकीच धूसर. त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर उजवी क्लिक करून कंपॅटिबिलिटीच्या पानावर डीपीआयची सोय असते, तिथे 'सिस्टम एन्हान्स्ड' निवडून बघा. बऱ्याचदा निभतं.

उजेडाचं माप मी कागदानं घेते. कोरा कागद पडद्याशेजारी धरायचा. पडदा दिव्यासारखा दिसत असेल तर चमक कमी करा, मळकट दिसत असेल तर वाढवा. माझी चमक दिवसा पस्तीसवर असते, रात्री वीसवर. पडदा दुकानातून आला तेव्हा ती शंभरवर होती. खिडकी पडद्याच्या समोरही नको आणि मागेही नको, बाजूला हवी. काही पडदे चमक कमी करताना दिवा भराभर चालू-बंद करतात आणि काहींचं डोकं त्यानं दुखतं. फोनच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर पट्टे सरकताना दिसतात. तेवढी परीक्षा दुकानातच, चमक निम्मी करून, उरकून घ्यावी.

४३ इंची पडदा माझ्या भाच्यानं नेला. तो इमारतींचे नकाशे काढतो. त्यानं तो भिंतीवर लावलाय, टेबलापासून मीटरभर लांब, आणि अख्खा मजला एका वेळी उघडून बसतो. परवा गेले तेव्हा म्हणाला, मावशी, याच्याशिवाय आता काम सुचत नाही.

बाईंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. रफारापुढच्या कान्यांचा संगणकावर एकदा शोध घेऊन झाला, आता मी सगळा मजकूर पहिल्यापासून दोन दोन पानांनी वाचते आहे. त्यानंतर एक वाचन कागदावर होईल, आणि ते करायला या वेळी बाई स्वतः साताऱ्याहून येणार आहेत. काल एकशे बारावं पान झालं.